वापसा आहे तोवर: हिवाळी पावसासाठी अंगणाची तयारी

7 सप्टेंबर

गेल्या हिवाळ्यातले फोटो आज पुन्हा काढून पाहिले. मागच्या भिंतीला लागून साचलेलं पाणी, त्यात तरंगणारी पानं, आणि आतल्या खोलीत जमिनीपासून वीतभर वर चढलेली ओल. तेव्हा भर पावसात फावडं घेऊन मी एक चर काढायला गेले होते. दोन तासांत मागच्या अंगणाचा चिखल झाला, चर दुसऱ्या दिवशी बुजला, आणि जिथे जिथे पाय पडले होते तिथे पुढे कितीतरी महिने गवताचं पातं उगवलं नाही. म्हणून यंदा पावसाच्या दोन महिने आधीपासून काम सुरू केलंय आणि त्याची ही वही.

हिवाळी पावसाचा स्वभाव वेगळा असतो. उबदार दिवसांतल्या पावसात झाडं वाढीला लागलेली असतात, मधूनमधून ऊन पडतं, जमिनीने प्यायलेलं पाणी पानांवाटे आणि वाफेवाटे परत जातं. हिवाळ्यात झाडं निजलेली, दिवस लहान, ऊन तिरपं. पडलेलं पाणी प्यायला कुणी नसतं. शेतकरी ज्याला वापसा म्हणतात, म्हणजे मातीच्या कणांमध्ये पाणीही आहे आणि हवाही आहे अशी स्थिती, ती चिकणमातीत आठवडेच्या आठवडे येत नाही. वापसा नसला की खणता येत नाही, आणि मुळांना श्वासही घेता येत नाही. यंदाचं सगळं नियोजन मी या एका शब्दाभोवती बांधलंय. जे काही खणायचं ते वापसा असतानाच, आणि खणायचं ते पुढे वापसा लवकर परत यावा यासाठी.

आज फक्त छपराचा हिशोब केला. 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. छपराची मागची बाजू 48 चौरस मीटर आहे. 25 मिमी पाऊस झाला की 1,200 लिटर पाणी एकाच नळीतून भिंतीच्या कोपऱ्यात ओतलं जातं. गेली कित्येक वर्षं ते तिथेच ओतलं जात होतं. आकडा कागदावर लिहिल्यावर ओल कुठून येते हे विचारायची गरज उरली नाही.

8 सप्टेंबर

पाणी कुठून कुठे जातं ते पावसाची वाट न पाहता बघितलं. अंगणाच्या वरच्या कोपऱ्यात नळी सोडून अर्धा तास पाणी वाहू दिलं आणि त्यात लाकडाचा भुसा टाकत गेले. भुसा पाण्याबरोबर सरकतो आणि वाट दिसते. पाणी सरळ खाली फाटकाकडे जाईल असं मला वाटत होतं. ते दहा पावलांवर वळलं आणि फरशीच्या पट्टीवरून घराकडे आलं. ही पट्टी काही वर्षांपूर्वी बसवून घेतली होती. दिसायला ती सपाट आहे, पण दोरी आणि लेव्हल लावून मोजल्यावर कळलं की भिंतीपासून 3 मीटर बाहेर जाईपर्यंत ती 4 सेंमी वर चढते. खरं तर तेवढ्याच अंतरात जमीन निदान 15 सेंमी उतरायला हवी. भिंतीजवळचा पहिला 3 मीटरचा पट्टा हा घराचा खरा छत्रीचा भाग, आणि आमची छत्री उलटी धरलेली होती.

पाण्याच्या वाटेवर चुन्याची फक्की टाकून खुणा केल्या आणि गच्चीवरून फोटो काढला.

14 सप्टेंबर

निचऱ्याची चाचणी. तीन ठिकाणी 30 सेंमी रुंद आणि तेवढेच खोल खड्डे. काल संध्याकाळी काठोकाठ भरून ठेवले, कारण कोरडी माती पहिलं पाणी अधाशासारखं ओढते आणि आकडा फसवा येतो. आज सकाळी पुन्हा भरून, आडवी काठी टाकून, पट्टीने दर तासाला मोजलं. वरच्या वाफ्यात तासाला 5 सेंमी. खाली फाटकाजवळ 3 सेंमी. घराच्या मागे 0.8 सेंमी. तासाला 2.5 सेंमीपेक्षा कमी म्हणजे निचरा वाईट असं धरतात.

मागची माती बरणीत पाणी घालून हलवून ठेवली. वाळू मिनिटभरात तळाला बसली, तिचा थर बोटाच्या पेरापेक्षा कमी. त्यावरचा गाळ दोन तासांत बसला. उरलेलं पाणी रात्री झोपेपर्यंत गढूळच होतं. ती चिकणमाती. तिचा एकेक कण 0.002 मिमीपेक्षा लहान, इतका की एक दिवस उलटला तरी तळाला जात नाही.

चिकणमातीत वाळू मिसळ, निचरा सुधारेल, असा सल्ला मला दोघांनी दिला. तो मी मनावर घेणार नाही. थोडी वाळू घातली तर वाळूच्या कणांमधल्या फटी चिकणमातीच भरून काढते आणि सुकल्यावर वीट तयार होते. फरक पडायला एकूण मातीच्या निम्म्याहून जास्त वाळू लागेल, आणि तेवढी घालायची म्हणजे अंगणच बदलायचं. कंपोस्टने चिकणमातीचे कण एकमेकांना धरून बारीक रवाळ ढेकळं होतात आणि त्यांच्यामध्ये हवेची जागा राहते. वाफ्यांमध्ये तेच घालणार. भिंतीजवळ मात्र पाणी मुरायलाच नको, वाहून जायला हवं, तेव्हा तिथे ही घट्ट माती उपयोगी पडेल.

19 सप्टेंबर

उन्हाळ्याने जमीन दगड झालीये. पहार आपटली की ठिणगीच उडेल. आई म्हणाली, “अगं, कोरड्यात कशाला मरतेस? पाणी दे, दोन दिवस थांब, मग हात लाव.” तिचं बालपण शेतात गेलंय. मागच्या पट्ट्याला हळूहळू, वीतभर खोल जाईल इतकं पाणी दिलं.

21 सप्टेंबर

सकाळी आईने पट्ट्यातली मूठभर माती उचलली, दाबली, आणि तळहात उघडला. माती गोळा होऊन राहिली होती, पण बोटांना चिकटत नव्हती. अंगठ्याने टोचल्यावर गोळा फुटून तिचे रवे झाले. “हा वापसा,” ती म्हणाली. काल याच मातीचा गोळा अंगठ्याखाली चपटा होत होता आणि बोटाचा ठसा त्यात चकचकीत उमटत होता. ओल्या मातीवर ती चकाकी दिसली की कुदळ बाजूला ठेवायची. तेव्हा खणलं तर कण एकमेकांवर घासून बसतात, फटी मिटतात, आणि ते पुढे कितीतरी ऋतू सुटत नाहीत. गेल्या वर्षी माझ्या पायांखाली नेमकं तेच झालं होतं.

दिवसभर काम झालं. फरशी उचलली, खालचा मुरूम काढला.

22 सप्टेंबर

भिंतीपासून 3 मीटरच्या पट्ट्याला उतार दिला. भरावासाठी वाफ्यांतली सुपीक माती घेतली नाही, खड्ड्यांतून निघालेली चिकणमाती वापरली. दहा दहा सेंमीचे थर टाकून धुम्मसाने ठोकून घट्ट केले. एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवते: उतार मिळवायच्या नादात माती भिंतीवर चढवायची नाही. पायाच्या वर जो ओल अडवणारा डीपीसीचा थर असतो, त्याच्या 15 सेंमी खालीच माती थांबली पाहिजे. तो थर मातीखाली गेला की ओल त्याला वळसा घालून वर चढते. आमच्याकडे वर भर घालायला जागा नव्हतीच, म्हणून पट्ट्याची बाहेरची बाजू खाली खणली. काम दुप्पट झालं. संध्याकाळी मोजलं तेव्हा 3 मीटरला 16 सेंमी उतार भरला.

28 सप्टेंबर

आता चर. वरून येणारं पाणी उताराच्या पट्ट्याबाहेरच पकडून, घराला वळसा घालून खालच्या कोपऱ्यात न्यायचं. लांबी 14 मीटर, रुंदी 30 सेंमी, खोली 45 सेंमीपासून पुढे. खणण्याआधी जमिनीखालून वीज, पाणी आणि गॅस कुठून जातात ते नकाशावर पाहून, संबंधितांकडून खात्री करून, जमिनीवर खुणा करून घेतल्या. विजेची वाहिनी मला वाटत होती त्यापेक्षा हातभर अलीकडे निघाली.

उतार मीटरला 1 सेंमी. ऐकायला सोपं, पण डोळ्यांना हा उतार दिसतच नाही. त्यासाठी गवंडी वापरतात तो लेव्हलचा पाइप घेतला: पारदर्शक नळी, त्यात पाणी, दोन्ही टोकं दोन खुंट्यांना. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला राहतं, मधली जमीन कशीही असो. दुपारपर्यंत सगळ्या खुंट्यांवर खुणा झाल्या. मग सहज म्हणून पहिल्या खुंटीवर परत येऊन तपासलं तर 3 सेंमीचा फरक. नळी उन्हात धरून बोटाने चाचपत गेले. मध्यावर, वळणापाशी, करंगळीच्या नखाएवढा हवेचा बुडबुडा अडकला होता. तो काढला आणि सगळ्या खुणा पुन्हा केल्या. 14 मीटरला एकूण 14 सेंमीच उतार आहे. त्यातले 3 सेंमी असे गेले असते तर चराच्या मध्यावर पाणी साचून राहिलं असतं आणि तिथे गाळ बसत गेला असता. नळी भरताना एका टोकाने पाणी ओढून घ्यायचं, वरून ओतायचं नाही. ओतताना हवा आत जाते.

4 ऑक्टोबर

चर पूर्ण झाला. तळ फळीने सपाट केला, मोकळी माती दाबून घेतली.

5 ऑक्टोबर

या चराला सगळीकडे फ्रेंच ड्रेन म्हणतात, पण फ्रान्सशी त्याचा संबंध नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच या अमेरिकन न्यायाधीशाने, जो शेतीही करायचा, 1859 साली शेतातल्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं, त्यावरून हे नाव पडलं. त्या काळी कौलं आणि नळ्या सांधे थोडे उघडे ठेवून मांडायचे आणि सांध्यांतून पाणी आत यायचं. आता भोकांची प्लास्टिक नळी मिळते, तत्त्व तेच.

चरात आधी न विणलेलं जिओटेक्सटाइल कापड अंथरलं, दोन्ही कडांवर भरपूर सोडून. त्यावर 5 सेंमी धुतलेली खडी, मग 10 सेंमी व्यासाची नळी, भोकं खालच्या बाजूला. भोकं वर हवीत असं बऱ्याच जणांना वाटतं. पण पाणी या चरात वरून पडून नळीत शिरत नाही. ते खडीत तळापासून साचत वर येतं, आणि भोकं खाली असली की पातळी थोडी चढताच नळी वाहू लागते. भोकं वर असतील तर आधी अख्खी नळी बुडावी लागेल. नळीवर खडी, आणि शेवटी कापडाच्या कडा एकमेकींवर घडी घालून बंद. कापड नसेल तर बारीक माती खडीत उतरते आणि दोन-चार वर्षांत चर मुका होतो.

छपराच्या पन्हळीचं पाणी मी या नळीत सोडलेलं नाही. त्यासाठी बिनभोकांची वेगळी नळी त्याच चरात, वरच्या थरात टाकली. छपराचं पाणी भोकांच्या नळीत सोडलं तर ते वाटेत बाहेर झिरपून तीच जमीन ओली करतं जी आपण कोरडी करायला निघालोय. दोन्ही नळ्यांची तोंडं फाटकाजवळ उघडतात, त्यांवर जाळी बसवली.

11 ऑक्टोबर

खालच्या घरातल्या काकांशी बोलून घेतलं. माझं पाणी माझ्या हद्दीतून त्यांच्या अंगणात ढकलणं मला पटणारं नाही, आणि पुष्कळ ठिकाणी ते कायद्यालाही मान्य नसतं. “काका, तुमच्या कुंपणापाशी पाणी कधी साचतं का?” विचारलं, तर ते म्हणाले, “दर वर्षी. पण तुम्हाला काय सांगणार, पाणी वरून येणारच.” ऐकून वाईट वाटलं. माझ्या चुनखुणांच्या फोटोत ती वाट दिसत होती आणि मी फक्त घराकडचा फाटा पाहिला होता.

म्हणून कोपऱ्यात पाणी मुरवायचा खोलगट वाफा केला. घरापासून 9 मीटरवर. निदान 3 मीटर अंतर तरी हवंच. तळ 6 चौरस मीटर, खोली 20 सेंमी, म्हणजे 1,200 लिटर. 25 मिमी पावसात मागच्या छपरावरून येणारं सगळं पाणी यात मावतं. तिथली माती तासाला 3 सेंमी पाणी घेते, तेव्हा सात तासांत तो रिकामा व्हावा. हिवाळ्यात माती आधीच भिजलेली असेल तेव्हा जास्त वेळ लागेल. मी 48 तासांची मर्यादा धरलीये. डासांची अंड्यापासून उडेपर्यंतची वाढ पाण्यात आठवडाभर तरी चालते, थंडीत त्याहून जास्त, त्यामुळे दोन दिवसांत ओसरणाऱ्या पाण्यात ते तयार होत नाहीत. खालच्या बांधाला एका जागी सांडवा ठेवला. जास्तीचं पाणी तिथून रस्त्याकडच्या गटाराकडे जाईल, काकांच्या कुंपणाकडे नाही.

तळाशी लव्हाळ्याच्या कुळातली गवतं लावली, जी चार दिवस पाण्यात आणि चार महिने कोरडी राहू शकतात. ओलावाच आवडणारी झाडं इथे उन्हाळ्यात मरतील.

12 ऑक्टोबर

उतारावरच्या रिकाम्या वाफ्यांत ओट आणि व्हेच (शेंगांच्या कुळातलं चाऱ्याचं पीक) मिसळून पेरले. कडाक्याच्या थंडीआधी चार ते सहा आठवडे मिळाले तर मुळं नीट धरतात. ओटची तंतुमुळं माती बांधून ठेवतात, व्हेच हवेतलं नत्र धरतं, आणि वसंतात दोन्ही कापून तिथेच हिरवळीचं खत होईल. पेरल्यावर वरून पेंढ्याचा पातळ थर.

उघड्या मातीचं नुकसान वाहत्या पाण्याआधी थेंबच करतो. मोठा थेंब सेकंदाला 9 मीटरच्या आसपास वेगाने आदळतो. तो मातीचे रवे फोडतो, सुटलेले बारीक कण फटींमध्ये बसतात, आणि वर पापुद्रा धरतो. मग पुढचा पाऊस मुरत नाही, ओघळ होऊन पळतो. पांढऱ्या भिंतीवर गुडघ्यापर्यंत उडालेले मातीचे ठिपके हा त्याचाच पुरावा. पेंढा थेंबाचा मार आपल्यावर घेतो.

18 ऑक्टोबर

आजचं काम सगळ्यात कमी कष्टाचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: झाडांची आळी मोडली.

उन्हाळाभर मी प्रत्येक झाडाभोवती गोल आळं राखलं होतं, पाणी बुंध्याजवळ राहावं म्हणून. त्याच आळ्यात हिवाळी पाऊस भरला की झाड वाटीत बसवल्यासारखं होतं. प्रत्येक आळ्याचा बांध उताराच्या बाजूने खुरप्याने फोडला आणि ती माती बुडख्याकडे न लोटता बाहेर पसरली. अंजिराच्या आळ्यात मी वर्षानुवर्षं टाकलेल्या खताने बुडखा चार बोटं गाडला गेला होता. हाताने माती उकरत गेले तेव्हा खोड जिथे पसरून मुळं होतं तो भाग दिसला. तिथली साल ओलसर, काळपट झालेली. खोडाच्या सालीला मातीखाली राहायची सवय नसते. उघडं करून ठेवलं.

मग आच्छादन. लाकडाचे तुकडे आणि पालापाचोळा, 5 ते 8 सेंमी जाड, खोडापासून वीतभर जागा सोडून. खोडाला टेकवून ढीग लावलेला दिसला की मला कसंतरीच होतं. आत उंदीर बसतात, साल कुजते, आणि झाड दोन-तीन वर्षं रडत राहतं.

लव्हेंडरची चार रोपं आणली होती. हे झुडूप भूमध्य समुद्राकाठचं, आणि तिथे पाऊस हिवाळ्यातच पडतो. मग बागेत त्याला हिवाळी पावसाचं वावडं का, हा प्रश्न मला बरेच दिवस होता. उत्तर जमिनीत आहे. त्याच्या मूळ जागी खडकाळ उतार असतो, पाऊस पडला की पाणी मुळांपासून तासाभरात निघून जातं. त्याला पाऊस चालतो, ओले पाय चालत नाहीत. तीन रोपं खडी मिसळलेल्या मातीच्या 25 सेंमी उंच उंचवट्यावर लावली. चौथ्यासाठी उंचवट्यावर जागा उरली नाही, ते बाजूला सपाट जमिनीत लावलं.

रोपं लावायला हे दिवस चांगले आहेत. हवा गार झालीये पण माती अजून कोमट आहे, पानांची वाढ थांबते आणि मुळं चालू राहतात.

19 ऑक्टोबर

ठिबकचा टायमर बंद केला, बॅटरी काढली, नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडून दिलं. नत्राचं खत आता वसंतापर्यंत नाही. मातीत नत्राचं नायट्रेट होतं. ते आणि मातीचे कण दोन्ही ऋणभारित, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. निजलेल्या झाडांना घातलेलं नत्र पावसाबरोबर थेट खाली जातं.

25 ऑक्टोबर

पन्हळी साफ केल्या. दीड घमेलं कुजका पाला आणि कौलांची बारीक वाळू निघाली. एका सांध्यापाशी पन्हळ मध्येच झुकली होती, तिथला हूक सरळ केला. शेवटी वरून नळीने पाणी सोडून फाटकाजवळच्या तोंडातून येतंय ना ते पाहिलं. आलं.

2 नोव्हेंबर

कोपऱ्यातलं मोठं सदाहरित झाड. हिवाळ्यात पानझडी झाडांमधून वारा आरपार जातो, पण या झाडाचं शीड उभंच असतं, आणि खाली माती भिजून मऊ झालेली असते. वाळक्या फांद्या, फांद्यांच्या बेचक्यातल्या फटी, बुडख्याशी आळंबी, वारा येतो त्या बाजूला जमिनीला भेगा, हे सगळं पाहिलं. एका बाजूला अळंबीचा जुना वाळलेला गुच्छ सापडला. हे माझ्या अंदाजाने ठरवायचं काम नाही, म्हणून झाडांच्या जाणकार तज्ज्ञाला दाखवलं. मुळं सध्या भक्कम आहेत, दोन वाळक्या फांद्या काढायच्या, असं सांगितलं. शेंडा छाटू नका हेही सांगितलं. छाटलेल्या जागी फुटणाऱ्या फांद्या कमजोर धरतात आणि पुढच्या वादळात त्याच मोडतात.

कुंड्यांखालच्या बशा काढल्या, कुंड्या विटांच्या तुकड्यांवर ठेवल्या. नव्या कुंड्यांत तळाशी खडी घातली नाही. खडीने निचरा वाढतो हा समज खोलवर बसलाय. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींत सहज उतरत नाही, माती पुरती भिजेपर्यंत सीमेवरच थांबतं, आणि खडी घातली की ओला थर उलट मुळांच्या जवळ वर सरकतो. भोक मोकळं असलं की पुरे.

9 नोव्हेंबर

पहिला पाऊस. 6 मिमी. चर कोरडा, सगळं पाणी जमिनीने प्यायलं. तहानलेल्या मातीचा वास घरभर.

24 नोव्हेंबर

परवा दुपारपासून काल सकाळपर्यंत 38 मिमी. मागच्या छपरावरून 1,824 लिटर.

छत्री घेऊन बाहेर उभी राहिले. छपराची नळी पाच मिनिटांत वाहू लागली. भोकांची नळी साडेतीन तास कोरडीच होती, मला वाटलं कुठेतरी चुकलं. मग जाळीतून करंगळीएवढी धार आली, गढूळ, तासाभराने स्वच्छ झाली आणि पाऊस थांबल्यावरही रात्रभर तशीच चालू राहिली. भिंतीजवळच्या पट्ट्यावर पाणी थांबलं नाही.

खोलगट वाफा पहाटे भरून सांडव्यावरून वाहिला. तो भरणार हे आकड्यांवरून माहीत होतं. पण सांडव्याखाली मी दगड कमी टाकले होते. पाणी पडायच्या जागी माती उकरली गेली आणि हातभर लांब ओघळ तयार झाला, नशिबाने रस्त्याच्या बाजूला. काकांच्या कुंपणाशी जाऊन पाहिलं, तिथे जमीन फक्त ओली होती. ओघळात हाताशी होते ते सगळे दगड तात्पुरते भरले. वाफा पाऊस थांबल्यापासून 31 तासांत रिकामा झाला.

14 डिसेंबर

तीन आठवडे वापसा नाही. मूठ दाबली की बोटांमधून पाणी. सांडवा नीट बांधायची फार इच्छा आहे, पण कुदळ खोलीतच ठेवलीये. वाफ्यांशी जायचं तर फळी टाकून जाते, म्हणजे वजन पसरतं.

आज एक राहून गेलेलं काम केलं. बाजूच्या आधारभिंतीला पाणी निघायची भोकं आहेत, सहापैकी चार गाळाने आणि मुळांनी बुजलेली होती. भिंतीमागे अडलेलं पाणी बाहेर निघालं नाही तर त्याचा सगळा दाब भिंतीवर येतो. 1 घनमीटर पाण्याचं वजन 1,000 किलो. सळईने भोकं मोकळी करायला घेतली. तिसऱ्या भोकातून आधी चिखलाची गुठळी पडली आणि मग हाताच्या मनगटाएवढी धार फुटून माझ्या अंगावरच आली. ती कमी व्हायला पंधरा मिनिटं लागली. हे काम ऑक्टोबरच्या यादीत सगळ्यात वर असायला हवं होतं.

11 जानेवारी

सपाट जमिनीत लावलेलं चौथं लव्हेंडर करडं पडलंय. पाणी कमी पडल्यासारखी मान टाकलीये, आणि मुळं मात्र पाण्यात. खणून पाहिलं. मुळं तपकिरी, मऊ. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निसटून हातात आली आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरला. ही मूळकूज. भिजलेल्या मातीत ऑक्सिजन पोचत नाही, कारण पाण्यातून तो हवेच्या मानाने सुमारे 10,000 पट हळू पसरतो. गुदमरलेल्या मुळांवर मग फायटोफ्थोरासारखे रोगजंतू चढतात. अँटोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने 1876 साली हे नाव दिलं, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ झाडांचा नाश करणारा. त्याचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. साचलेलं पाणी त्यांच्यासाठी रस्ता आहे.

उंचवट्यावरच्या तिघांपैकी एकाच्या कडेची माती बोटाने हलकेच सरकवून पाहिली. मुळं पांढरी, टोकं ताजी. दोन्ही रोपांमध्ये दीड मीटरसुद्धा अंतर नाही. पाऊस दोघांवर सारखाच पडला. मेलेलं रोप मुळांसकट पिशवीत भरून टाकलं, कंपोस्टमध्ये नाही, आणि खुरपं धुऊन सुकवलं.

आतल्या खोलीत गेल्या वर्षी ओलीच्या वरच्या कडेला मी पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली होती. आज रेघेच्या खाली हात फिरवला. रंगाचे पोपडे तसेच आहेत, पण भिंत गार लागते, ओली लागत नाही. रंग उन्हाळ्यात, भिंत पुरती सुकल्यावर.

18 जानेवारी

सकाळी 14 मिमी, वाफा पुन्हा सांडव्यावर आलेला. पाणी नेमकं कुठे पडतं, किती दूर उसळतं आणि कुठे वळतं ते आत्ताच दिसतंय, म्हणून छत्री आईच्या हातात देऊन त्या वाटेवर सात खुंट्या ठोकल्या. कामाला लागणाऱ्या दगडांचा अंदाज घेतला: सांडव्याच्या ओठावर दोन मोठे चपटे, खाली तांब्याएवढे गोल, पुढे मुठीएवढे. आई म्हणाली, “वापसा आला की मी सांगते.”